आइसलँडचा आकडा आणि सांगलीची फाइल

पत्र :

डॉक्टर, मी सांगलीची. वय ४१, बँकेत नोकरी. माझे वडील एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. वय ७३, पंधरा वर्षांचा मधुमेह. सुरुवातीचे चार-पाच दिवस नुसतं अंग दुखत होतं, डोकं जड, जेवण जात नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. उन्हाचा त्रास असेल म्हणून मी ताक, काढा देत बसले. सहाव्या दिवशी शेजारच्यांचा ऑक्सिमीटर आणून लावला तर ८४. त्याच रात्री ॲडमिट केलं. नवव्या दिवशी गेले. मोठा भाऊ पुण्यात. तोही तेव्हा पॉझिटिव्ह, त्यामुळे येता आलं नाही. वॉर्डबॉयने मोबाइल धरून एकदा व्हिडिओ कॉल करून दिला, तीच त्याची शेवटची भेट. त्यात बाबा मास्क ओढत हाताने काहीतरी सांगत होते. आता वर्षभर त्याने आइसलँडचा एक रिसर्च लावून धरलाय. तिथे ०.३ टक्के माणसं दगावली, म्हणजे हजारात तीन. म्हणतो, 'बाबा काय त्या तिघांतले होते? तू हॉस्पिटलात नेलंस म्हणून गेले.' यंदा श्राद्धाला पाहुण्यांसमोर हे बोलला. आई तिथेच होती. तिलाही तेव्हा झाला होता, दहा-बारा दिवस अंथरुणाला खिळून होती. तेव्हापासून ती पूर्वीची राहिली नाही. एवढंच सांगा, तो रिसर्च खरा आहे का? आणि खरा असेल तर मी बाबांना मारलं का?

— स., सांगली

उत्तर :

स.ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही.

आता पहिला. रिसर्च खरा आहे, आकडाही खरा आहे. दादांनी तो कुठल्या भुरट्या फॉरवर्डमधून उचललेला नाही. कोरोनाच्या काळात जगात जी काही मोजकी चोख मोजदाद झाली, त्यातली ही एक. मी तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रसाराचं शास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतरही कुणी चहाला आलं की या आइसलँडबद्दल बोलत बसते, घरचे वैतागतात. तेव्हा दादांनी चुकीचं काही वाचलेलं नाही. त्यांनी अर्धं वाचलंय. राहिलेलं अर्धं मी तुम्हाला वाचून दाखवते. तुमचं उत्तर त्याच अर्ध्यात आहे.

आधी तो देश बघा. २०२० साली आख्ख्या आइसलँडची लोकसंख्या होती सुमारे ३ लाख ६४ हजार. तुमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचीच २०११ च्या जनगणनेत ५ लाखांवर होती. म्हणजे तुमच्या महापालिकेहून लहान, चहूबाजूंनी समुद्र, यायला-जायला मुख्य असा एकच विमानतळ. प्रत्येक माणसाला जन्मापासून एक ओळख क्रमांक, आणि दवाखान्याची सगळी नोंद त्या क्रमांकाखाली. शिवाय राजधानी रेक्याविकमध्ये डीकोड जेनेटिक्स नावाची कंपनी आहे. काऊरी स्तेफानसन या डॉक्टरने ती १९९६ साली काढली. आइसलँडच्या लोकांची जनुकं वाचण्यातच तिची हयात गेली, त्यामुळे यंत्रं होती, माणसं होती, सवय होती.

२८ फेब्रुवारी २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला, इटलीत स्कीइंग करून आलेला. सरकारी रुग्णालयाने संशयितांची तपासणी त्याच्याही आधी, जानेवारीअखेर सुरू केली होती, आणि १३ मार्चपासून डीकोडने दुसऱ्या बाजूने ज्यांना काहीही होत नव्हतं अशा लोकांनाही तपासायला बोलावलं. आधी 'ज्याला यायचंय त्याने या' म्हणून, आणि मग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या लोकांना. एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्याचा पहिला हिशेब आला. संशयित म्हणून तपासलेल्या ९,१९९ जणांत १३.३ टक्के पॉझिटिव्ह. स्वतःहून आलेल्या १०,७९७ जणांत ०.८ टक्के. चिठ्ठी टाकून निवडलेल्या २,२८३ जणांत ०.६ टक्के. देश तोच, महिनाही जवळपास तोच, आणि 'किती टक्के लोकांना कोरोना आहे?' या एका प्रश्नाची तीन उत्तरं. तुम्ही कोणाला रांगेत उभं करता त्यावर उत्तर ठरतं.

माझे विद्यार्थी टक्केवारी घेऊन आले की मी फळ्यावर नुसती आडवी रेघ ओढायचे आणि विचारायचे, रेघेखाली कोण आहे ते सांग. अंश सगळे सांगतात. छेद कुणी सांगत नाही.

आपल्याकडे दहावीचा निकाल शंभर टक्के लावायच्या नादात काही शाळा काय करतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. नववीतली कच्ची पोरं १७ नंबरच्या फॉर्मकडे वळवायची. ती बाहेरून बसतात, शाळेच्या हिशेबात येतच नाहीत. मग गेटवर फ्लेक्स, निकाल १०० टक्के. आकडा खोटा नसतो, छेद कातरलेला असतो. आइसलँडने याच्या उलट केलं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्यांना घरून आणून बाकावर बसवलं.

ते कसं, ते सांगते, दादांचा ०.३ तिथूनच निघालाय. पहिली लाट ओसरली तेव्हा तपासणीत पॉझिटिव्ह निघालेले, बरे झालेले लोक होते १,७९७. मृत्यू १०. आता कुणीही साधा भागाकार करील, हजारात साडेपाच. पण ते लोक तिथे थांबले नाहीत. त्यांनी ३०,५७६ जणांचं रक्त घेऊन त्यात प्रतिपिंडं शोधली, म्हणजे कधी तपासणीच झाली नाही पण होऊन गेलाय, असे लोक शोधले. तेव्हा कळलं की देशातल्या साधारण ०.९ टक्के लोकांना संसर्ग झाला होता, आणि त्यातले ५६ टक्केच तपासणीत सापडले होते. बाकीच्यांची तपासणीच झाली नव्हती. ते सगळे रेघेखाली घातले की छेद जातो सव्वातीन हजारांच्या आसपास. वर तेच १० मृत्यू. म्हणून ०.३. संशोधकांनी लगेच पुढे लिहिलंय की हा आकडा ०.२ पासून ०.६ पर्यंत कुठेही असू शकतो. दहाच मृत्यू हाताशी असताना एक इकडचा तिकडे झाला तरी टक्केवारी हलते, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणजे त्या हजारात कोण कोण आहे बघा. वीस वर्षांची कॉलेजची मुलगी, जिला दोन दिवस वास आला नाही. आल्प्समध्ये स्कीइंग करून आलेला धडधाकट गडी. आपल्याला काही झालं होतं हेच माहीत नसलेली माणसं. आणि थोडेसे म्हातारे. या सगळ्यांची मिळून सरासरी हजारात तीन.

आता तो निबंध दादांच्या मोबाइलमध्ये असेल तर त्यांना म्हणावं, थोडं खाली सरकवा. तिथेच वयाप्रमाणे फोड दिली आहे. सत्तर आणि त्याखालच्या लोकांत मृत्यूचं प्रमाण ०.१ टक्का. सत्तरीच्या वरच्यांत ४.४ टक्के. चव्वेचाळीसपट, ताई. तेच संशोधन, तेच लोक, तीच जागतिक दर्जाची व्यवस्था. बाबा ७३ वर्षांचे होते. त्यांच्यासाठी वाचायचा आकडा ४.४ हा होता, आणि तोही निव्वळ संसर्ग झालेल्या, त्यात खुटखुटीत असलेल्या म्हाताऱ्यांनाही धरून. पंधरा वर्षांचा मधुमेह आणि ऑक्सिजन ८४, अशा माणसाची तुलना ज्यांच्याशी करायची ती ओळ त्या तक्त्यात नाहीच. हजारात तीन हे संसर्ग झालेल्या कुणाहीसाठीचं गणित झालं. बाबा त्या रात्री त्या गर्दीतून कधीच बाहेर पडले होते.

'बाबा काय त्या तिघांतले होते?' या दादांच्या प्रश्नात एक चलाखी आहे, ती त्यांच्याही लक्षात आलेली नसेल. मृत्यू क्वचित होतो, म्हणून झाला तर कुणीतरी केला असणार, असा तो हिशेब आहे. पण आइसलँडमध्येही ते दहा जण होतेच. त्यांचीही मुलं-मुली होत्या.

आणखी दोन फरक आहेत, ते चटकन सांगते. एक, आइसलँडचा हा हिशेब २०२० च्या वसंतातल्या विषाणूचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये सांगलीत जो फिरत होता तो निराळा. त्याला पुढे डेल्टा नाव पडलं, आणि तो महाराष्ट्रातच आधी वर आला. दोन, आपल्याकडचा छेद. आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, चौथ्या देशव्यापी पाहणीत, जून-जुलै २०२१ मध्ये, लस न घेतलेल्यांतही ६२.३ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. तेव्हा देशात तपासणीने नोंदलेले रुग्ण होते तीन कोटींच्या आसपास. एकशेतीस-पस्तीस कोटींच्या देशात. तिकडे दोघांतला एक सापडला होता, इकडे पंचवीस-तिसांतला एक. मृत्यूंच्या मोजणीवरूनही वाद आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातले दोन वर्षांतले जादा मृत्यू ४७ लाख धरले, केंद्र सरकारने ते साफ नाकारलं. तिकडची टक्केवारी उचलून इकडच्या एका घरावर ठेवणं म्हणजे शेजारच्याच्या चष्म्याने पेपर वाचणं.

बरं, आता ते जे तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, पण प्रत्येक ओळीखाली आहे. ताक आणि काढा. तुम्हाला दादांचं म्हणणं लागतं, पण त्याहून जास्त तुम्हाला तुमचं स्वतःचं म्हणणं लागतंय, की मी पाच दिवस घालवले.

याचंही उत्तर आइसलँडमध्येच आहे, आणि संशोधनाचा हा भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो.

तिथल्या लँडस्पीताली या राष्ट्रीय रुग्णालयाने कोरोनासाठी एक बाह्यरुग्ण विभाग काढला, आणि तो चालायचा मुख्यतः फोनवर. देशात कुणीही पॉझिटिव्ह आलं की त्याला तिथून फोन. कसं वाटतंय, दम लागतो का, खाणंपिणं जातंय का, आधीचे आजार कोणते, घरात कोण आहे. ठरलेले प्रश्न, ठरलेल्या क्रमाने, उत्तरं तिथल्या तिथे संगणकात. त्यावरून माणसाला रंग द्यायचा, हिरवा, पिवळा किंवा लाल. रंगाप्रमाणे पुढचा फोन लवकर किंवा उशिरा. खालावला तर विभागात बोलवायचं, तपासायचं, गरज पडली तर दाखल करायचं. निदान होऊन चौदा दिवस आणि लक्षणं जाऊन सात दिवस होईपर्यंत फोन बंद नाही. विचार करा, आपण होम आयसोलेशनमध्ये असताना दर दिवशी, दोन दिवशी ओळखीचा आवाज फोन करून विचारतोय. आपल्याकडेही 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'मध्ये आशाताई दारोदार फिरून ऑक्सिजन मोजत होत्या, सप्टेंबर २०२० पासून. कल्पना तीच होती. पण एप्रिल २०२१ च्या लोंढ्यात कोण कुणाच्या दारात जाणार?

त्या फोनच्या नोंदींतूनच पुढे संशोधन झालं. मुद्दाम अभ्यास करायला म्हणून कुणी बसलं नव्हतं. रुग्णाची काळजी घेताना जे लिहिलं, तेच पुढे मोजलं. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते आलं. १७ मार्च ते ३० एप्रिलमधले १,५६४ रुग्ण, म्हणजे त्या काळात देशात सापडलेले सगळेच्या सगळे. जगभरचे बाकी बहुतेक अभ्यास रुग्णालयात आलेल्यांचे होते. त्यामुळे ताप, खोकला, धाप हेच चित्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि इथे काय निघालं? निदान झालं तेव्हा सगळ्यांत जास्त आढळलेलं लक्षण होतं अंगदुखी, ५५ टक्के. त्याखालोखाल डोकेदुखी, ५१. कोरडा खोकला ४९. ताप अपेक्षेपेक्षा कमी जणांना. जागतिक आरोग्य संघटनेने संशयित रुग्ण ओळखायची जी व्याख्या दिली होती, तीत निदानाच्या वेळी २२ टक्के लोक बसतच नव्हते.

अंग दुखत होतं, डोकं जड, ताप नाही, खोकला नाही. तुम्ही पत्रात लिहिलेलं हेच ते चित्र. एखादा पॉझिटिव्ह रिपोर्टवाला माणूस आइसलँडमध्ये डॉक्टरांना फोनवर हेच सांगत होता आणि छापील व्याख्येत बसत नव्हता. तुम्ही तर घरात होतात, हातात रिपोर्ट नाही, एप्रिलचं ऊन, बाहेर ४० अंश. विषाणू निराळा होता हे मी वर म्हटलंय, त्यामुळे हे टक्के मी जसेच्या तसे बाबांना लावणार नाही. पण ताप नाही म्हणजे कोरोना नाही, असं तेव्हा फक्त तुम्हीच धरून चालला होतात असं समजू नका. माझ्या सख्ख्या जावेला मी, तीस वर्षं हेच शिकवलेली बाई, फोनवर म्हणाले होते, 'ताप नाही ना, मग दोन दिवस बघू.' ती वाचली. दोन दिवस मीही घालवलेच होते. ती वाचली म्हणून माझ्या घरात कुणी श्राद्धाला तो विषय काढत नाही, एवढाच तुमच्या-माझ्यात फरक.

ऑक्सिजन खाली येत असताना माणूस नुसता पडून राहतो, दम लागतोय असं म्हणतच नाही, हेही या रोगात होतं. म्हाताऱ्यांत आणि मधुमेहींत तर जास्तच फसवं. तुम्ही शेजाऱ्यांकडून ऑक्सिमीटर आणून लावलात. का लावलात? कुणी सांगितलं नव्हतं. काहीतरी बरोबर नाही हे तुम्हाला दिसलं म्हणून.

मग ८४. भारतातल्या तेव्हाच्या उपचार-सूचनांप्रमाणे ९० च्या खाली म्हणजे गंभीर. घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता. या रोगात जीव वाचवतात असं ठामपणे सिद्ध झालेल्या गोष्टी तेव्हा थोड्याच होत्या. एक ऑक्सिजन. दुसरी डेक्सामेथासोन हे स्वस्तातलं स्टेरॉइड. ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीत जून २०२० मध्ये दिसलं की त्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात, आणि नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना काही उपयोग नाही. म्हणजे औषध कुणाला लागू पडतं? दाखल झालेल्यांना. बाबांना घरी ठेवून जे मिळालं असतं त्यात या दोन्हींतलं काही नव्हतं. त्या रुग्णालयात सगळं यथासांग झालं असेल असं मी म्हणत नाही. त्या महिन्यात कुठल्याच वॉर्डात झालं नसेल; एका सिस्टरवर पंधरा-वीस रुग्ण असले की काय होतं ते मी पाहिलंय. पण तुमचा निर्णय होता त्यांना ऑक्सिजनपर्यंत पोचवायचा. तो बरोबर होता. मी तुमच्या जागी असते तर तेच केलं असतं, आणि दादाही तिथे असते तर त्यांनीही.

दादा तिथे नव्हते, ताई. तुमच्या पत्रात ही गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले.

त्यांना तोच रोग झाला होता. पुण्यात, एका खोलीत, पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेऊन ते बरे झाले. म्हणजे ते स्वतः त्या रेघेखालच्या ९९७ जणांतले. त्यांच्या अंगाला ठाऊक असलेला कोरोना हा असा, पाच-सात दिवसांचा. आणि बाबांचा कोरोना त्यांनी पाहिला तो मोबाइलच्या काचेतून, दोन-तीन मिनिटं, ज्यात बाबा मास्क ओढत होते आणि हात हलवत होते. त्यांनी त्याचा अर्थ काय लावला असेल? 'मला इथून ने.' मला जवळपास खात्री आहे की वर्षभर ते आइसलँड सांगताहेत, पण बघताहेत तो हात.

म्हणून त्यांना ४.४ चा आकडा पाठवू नका. मी एवढं सगळं सांगून आता असं म्हणते म्हणून रागावू नका. हे गणित तुमच्यासाठी होतं, रात्री तीन वाजता जाग येते तेव्हासाठी. दादांना पाठवलंत तर ते आणखी एक निबंध शोधतील. इंटरनेटवर निबंध संपत नाहीत. त्यांनी स्वीडन काढलं की तुम्ही न्यूझीलंड काढाल. आइसलँड तरी कुठे सगळं सोनं आहे? ऑक्टोबर २०२० मध्ये रेक्याविकच्या लँडाकोट या वृद्धांच्या रुग्णालयात विषाणू शिरला आणि देशातले त्या लाटेतले बरेचसे मृत्यू एकट्या तिथूनच झाले. रुग्णालयाने स्वतःच्याच चौकशीत लिहिलं, इमारत जुनी, हवा खेळती नाही. इतकी मोजदाद, इतके फोन, आणि तरीही. हे सांगूनसुद्धा दादांना काही पटणार नाही.

त्यांना फोन करा आणि विचारा, व्हिडिओ कॉलवर बाबा काय सांगत होते असं तुला वाटलं? आणि मग गप्प बसा. बँकेत ग्राहक तावातावाने बोलतो तेव्हा बसता ना, तसं. ते रडतील, किंवा ओरडतील, किंवा फोन ठेवतील. ठेवला तर दोन दिवसांनी परत करा.

कधीतरी संधी मिळाली तर त्यांना त्या मास्कबद्दल सांगा. तोंडा-नाकावर पट्ट्यांनी आवळून बसवलेला मास्क असेल, बायपॅपचा किंवा मोठ्या ऑक्सिजनचा. यंत्र हवा जोराने आत ढकलतं. तोंड कोरडं ठणठणीत पडतं, नाकाच्या हाडावर घट्टे पडतात, बोललेलं बाहेर ऐकू येत नाही. ऑक्सिजन कमी पडलेला माणूस थोडा भ्रमतोही. जवळजवळ प्रत्येक रुग्ण तो मास्क ओढतो. तरुणसुद्धा. सिस्टर दिवसातून वीस वेळा परत बसवते. बाबा पाणी मागत असतील. 'ऐकू येत नाही' म्हणत असतील. 'तू कसा आहेस' म्हणून विचारत असतील. मुलगाही पॉझिटिव्ह आहे हे त्यांना माहीत होतं ना? 'मला इथून ने' हेही असेल. कुणालाच कळणार नाही. पण दादांनी एकच अर्थ धरून ठेवलाय, आणि त्या खुणेला त्यांच्याकडे तेव्हा काहीच उत्तर नव्हतं.

पुढच्या श्राद्धाला पाहुण्यांसमोर पुन्हा विषय निघाला, तर तुम्ही उत्तर द्यायचं नाही. मामा किंवा काका, घरात जे कुणी वडीलधारे असतील, त्यांना आधीच सांगून ठेवा की असं झालं तर तुम्ही विषय थांबवायचा. मोठ्या भावाला चारचौघांत गप्प करणं बहिणीला जमत नाही आपल्याकडे, आणि जमलं तरी ते आईच्या पदरात पडतं.

आईबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण सगळ्या पत्रात तातडीचं तेच आहे. तुम्हाला गंमत वाटेल, इथेही आइसलँड येतंच. तिथल्या विद्यापीठाने पुढाकार घेऊन सहा देशांतल्या २,४७,२४९ लोकांची माहिती एकत्र केली. मार्च २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यातल्या ९,९७९ जणांना कोरोना झाला होता. जे अंथरुणाला खिळले नाहीत, त्यांचं मन पुढे ठीक राहिलं. जे सात किंवा अधिक दिवस अंथरुणावर होते, त्यांच्यात उदासी आणि चिंतेचं प्रमाण, ज्यांना कोरोना झाला नाही त्यांच्यापेक्षा साधारण दीडपट, आणि हे सोळा महिन्यांपर्यंत पाहिलेलं. आई दहा-बारा दिवस पडून होत्या आणि त्यातच नवरा गेला. 'वय झालं, आता असंच' म्हणून सोडून देऊ नका. फिजिशियनकडे नेऊन थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर बघून घ्या; बऱ्याचदा निम्मं तिथेच सापडतं. झोप, भूक, पूर्वी आवडायचं ते आता आवडतं का, हे डॉक्टरांना तुम्ही सांगा, त्या सांगणार नाहीत. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञ. सरकारची टेली-मानस ही फुकट सेवा आहे, १४४१६ वर, मराठीतही बोलतात. रात्री तीनच्या जागेसाठी तुम्हीही लावू शकता.

आणि एक. बाबांची फाइल तुमच्याकडे असणार. बहुतेक घरांत ती असते, कपाटात वरच्या फळीवर, मेडिकलच्या प्लास्टिकच्या पिशवीत, एक्स-रेच्या पाकिटासकट, आणि कुणी उघडत नाही. उघडावीशी वाटली तर एकटीने नको, ओळखीच्या डॉक्टरला शेजारी बसवा. पहिलं पान बघा. दाखल केल्याची वेळ आणि तेव्हाचा ऑक्सिजन तिथे लिहिलेला असेल. ते पान तुमचं. मग मागची नर्सिंगची पानं काढा. दर काही तासांनी नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब, साखर, आणि मधूनमधून घाईच्या अक्षरात 'नातेवाइकांना कळवले'. त्या दिवसांत कुणीतरी बाबांच्या जवळ जाऊन, पीपीई किटात घामाने निथळत, हे आकडे घेत होतं. व्हिडिओ कॉल झाला त्या तारखेचं पान शोधा. त्या दिवशी मास्क कितीदा काढला, पाणी दिलं का, जेवले का, अशी एखादी ओळ असते कधीकधी. सापडली तर दादांना तेवढ्या ओळीचा फोटो पाठवा. सोबत काही लिहू नका.